मेल आपला, मग पत्ता दुसऱ्याचा कशाला?

पत्र थोडं कापून देतोय:

"दादा, नमस्कार. आमचं सांगलीत छोटंसं प्रकाशन आहे, मुलांची पुस्तकं आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. सासरे गेली कित्येक वर्षं एकाच जीमेलवरून सगळा व्यवहार करतात, लेखक, छापखाना, वर्गणीदार सगळ्यांना तोच पत्ता पाठ आहे. मागच्या वर्षी अंकाच्या प्रकाशनपूर्व सवलतीचे मेल मी एका ईमेल मार्केटिंगच्या सर्व्हिसवरून पाठवले, यादी सहा हजारांच्या आसपास, आणि पाठवणारा म्हणून मामंजींचाच जीमेल टाकला. सर्व्हिसने पिवळ्या पट्टीत काहीतरी वॉर्निंग दाखवली होती पण घाई होती म्हणून मी ओके करून पुढे गेले. ऑर्डरी जेमतेम आल्या. नंतर फोन करून विचारलं तर बरेच जण म्हणाले मेल आलाच नाही, काहींना स्पॅममध्ये सापडला. भाचा म्हणतो, मामी स्वतःचं डोमेन घ्या, सगळे प्रॉब्लेम सुटतील. मामंजी म्हणतात, लोक आपल्याला नावाने ओळखतात, पत्त्याला कोण बघतंय, उगाच वर्षाचा खर्च. यंदा एका ओळखीच्यांनी अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या सभासदांची यादी पण देऊ केलीय. तर डोमेन घेऊ का? आणि घेतलं तर जुन्या जीमेलचं काय करू?
– एक प्रकाशक सून, सांगली"

ताई, डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणारं स्वतःचं नाव, घ्याच, आणि दिवाळी जवळ यायची वाट न बघता याच आठवड्यात घ्या. पण भाचा म्हणतो तसे सगळे प्रॉब्लेम त्याने सुटणार नाहीत. साधारण अर्धे सुटतील, उरलेले तुमच्या यादीत आणि मेल कसा बनवता त्यात आहेत, त्याबद्दल पुढे बोलतो. आधी मागच्या वर्षी नेमकं काय झालं ते बघू, कारण ते कळलं की मामंजींना पटवणं सोपं जाईल.

ईमेल इकडून तिकडे पोचवायची जी पद्धत आपण आजही वापरतो तिचा पाया १९८२ सालचा. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या युनिव्हर्सिट्या आणि संशोधन संस्था, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या रकान्यात जे लिहिलंय ते खरं आहे का हे तपासायची सोयच त्यात ठेवली नव्हती. कुणीही कुणाचाही पत्ता टाकून मेल धाडू शकत होतं, आणि पुढे स्पॅमवाल्यांनी नेमकं तेच केलं. मग वरून तीन गोष्टी जोडल्या गेल्या. एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायला परवानगी आहे त्याची यादी. डीकिम म्हणजे मेलवर लागणारी डिजिटल सही, तिची उघड किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या डोमेनच्या उघड नोंदवहीत, ठेवलेली असते त्यामुळे घेणारा सर्व्हर ती सही ताडून बघू शकतो. आणि डीमार्क, जो २०१२ मध्ये गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपाल वगैरेंनी मिळून पुढे आणला, तो असं विचारतो की वर पाठवणारा म्हणून जे डोमेन दिसतंय, त्याच डोमेनसाठी या दोनपैकी निदान एक तपासणी पास झालीय का? नसेल तर त्या मेलचं काय करायचं हे डोमेनचा मालक सांगून ठेवतो. काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा सरळ परत पाठवा.

आता तुमचा मेल घ्या. तो निघाला त्या सर्व्हिसच्या सर्व्हरवरून, त्यावर सही होती सर्व्हिसच्या डोमेनची, आणि वर पाठवणारा म्हणून लिहिलं होतं जीमेल डॉट कॉम. म्हणजे दुसऱ्याच्या संस्थेच्या लेटरहेडवर आपण पत्र लिहिलं आणि शिक्का तिसऱ्याचाच मारला, अशातला प्रकार. जीमेल डॉट कॉमचे मालक मामंजी नाहीत, गूगल आहे, त्यामुळे त्या नावाने सही करायचा अधिकार तुमच्या सर्व्हिसला मिळूच शकत नाही, कितीही पैसे भरा. ती पिवळी पट्टी हेच सांगत होती. काही सर्व्हिसेस तर अशा वेळी तुमचा पत्ता काढून आपल्याच डोमेनवरचा एक लांबलचक पत्ता तिथे घालतात, मग वाचकाला मामंजींचं नाव दिसतं आणि खाली भलताच पत्ता, ते बघून माणूस अजूनच बिचकतो.

यात नवीन काही नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने स्वतःच्या डोमेनसाठी डीमार्क कडक केला, की आमच्या नावाने बाहेरच्या सर्व्हरवरून आलेला मेल घेऊच नका, आणि त्याच महिन्यात एओएलनेही तेच केलं. याहूचा पत्ता टाकून बाहेरच्या सर्व्हिसवरून न्यूजलेटर पाठवणाऱ्या जगभरच्या छोट्या लोकांचे मेल धडाधड परत यायला लागले. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहूने मिळून नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू केले. दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त मेल पाठवत असाल तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही पाहिजेत, एका क्लिकमध्ये नाव कमी करता आलं पाहिजे, आणि जीमेलच्या पत्त्याची नक्कल करायची नाही असं तर सगळ्यांसाठीच स्पष्ट लिहिलंय. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुक आणि हॉटमेलच्या पत्त्यांसाठी असेच नियम आणले, आणि तुमच्या अमेरिकेतल्या वाचकांमध्ये हॉटमेलवाले असणारच. तुमची यादी ५,००० च्या सीमेजवळच आहे. एकदा ती रेषा ओलांडली की गूगल तुम्हाला कायमचं मोठा पाठवणारा धरतं, त्यात मुदत संपणं वगैरे काही नाही, आणि सबडोमेनवरून, म्हणजे डोमेनच्या आधी एखादा शब्द लावून केलेल्या पत्त्यावरून, गेलेले मेलही मुख्य डोमेनच्याच खात्यात मोजले जातात. त्यामुळे आपण लहान आहोत म्हणून चालून जाईल असं धरू नका, पहिल्या दिवसापासून सगळं नीट करा.

मामंजींचं म्हणणं मला मनापासून कळतं. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांच्या नावावर विश्वास ठेवला, ती त्यांची कमाई आहे. पण पत्त्याला कोण बघतं, याचं उत्तर असं की वाचकाच्या आधी यंत्र बघतं, आणि यंत्राला मामंजी कोण ते माहीत नाही. ते डोमेन बघतं, मागच्या वेळी या डोमेनवरून आलेले मेल लोकांनी उघडले का, उत्तरं दिली का, की स्पॅमचं बटण दाबलं, याचा हिशोब ठेवतं आणि त्यावरून त्या डोमेनची पत ठरवतं. जीमेल डॉट कॉमवर राहून तुम्ही कितीही चांगले मेल पाठवलेत तरी ती पत तुमच्या नावावर साठत नाही. स्वतःच्या डोमेनवर साठते, आणि उद्या सर्व्हिस महाग झाली म्हणून बदललीत तर ती बऱ्यापैकी तुमच्याबरोबर येते.

दुसरी गोष्ट त्यांना जरूर सांगा, कारण ती त्यांना लगेच पटेल. त्यांच्या जीमेलसारखाच दिसणारा, एखादं अक्षर किंवा आकडा जास्त असलेला पत्ता आज कुणीही फुकटात काढू शकतं आणि तुमच्या वर्गणीदारांना 'यंदाची वर्गणी या यूपीआयवर पाठवा' असा मेल करू शकतं. वाचक वयस्कर असतील तर पैसे जातीलही. फसवणुकीच्या याच काळजीपोटी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये आपल्या बँकांना डॉट बँक डॉट इन या वेगळ्या डोमेनवर जायला लावलं, ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत देऊन. म्हणजे खरी बँक कुठली हे पत्त्याच्या शेपटावरून कळावं. तुमचं डोमेन असेल तर तुम्हीही अंकात, पावतीवर, वेबसाइटवर छापू शकता की आमचा मेल फक्त या शेपटाचा असतो, बाकी कुठलाही आला तर पैसे पाठवू नका.

आणि खर्च म्हणाल तर साधं डॉट इन किंवा डॉट कॉम हे साधारण तुमच्या अंकाच्या दोन-तीन प्रतींच्या किमतीत वर्षभरासाठी येतं. त्यावर मेलबॉक्स लागेल, गूगल वर्कस्पेस घ्या किंवा चेन्नईच्या झोहोचा घ्या, दर महिन्याचा खर्च आहे पण एक-दोन पत्त्यांना तो झेपण्यासारखा असतो.

नाव निवडताना एकच कसोटी लावा, फोनवर एका दमात सांगता आलं पाहिजे. आपल्याकडे व ला कुणी व्ही लिहितं कुणी डब्ल्यू, ई ला कुणी डबल ई कुणी आय, श्री चे तर चार प्रकार. तुमच्या प्रकाशनाच्या नावात असं अक्षर असेल तर दोन्ही स्पेलिंगची डोमेनं घेऊन ठेवा आणि एक दुसऱ्याकडे वळवा. मधे डॅश नको. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि मराठी प्रकाशनाला ते शोभतंही, मला स्वतःला ते फार आवडतं, वेबसाइटसाठी जरूर घ्या. पण पाठवायचा पत्ता मात्र सध्या रोमन लिपीतलाच ठेवा, देवनागरी पत्ते सगळ्याच मेल सर्व्हर्सना आणि वेबसाइटवरच्या फॉर्म्सना अजून पचत नाहीत. पाठवणाऱ्याचं नाव मात्र खुशाल मराठीत लिहा, तिथे काही अडचण येत नाही, फक्त दरवेळी तेच नाव ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात आपल्याकडची भलीभली मंडळी अडकलेली मी पाहिलीत. डोमेन तुमच्या किंवा प्रकाशनाच्या नावावर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात नको, भाच्याच्याही नको, तो कितीही गुणी असला तरी. तो नोकरीला बंगलोरला गेला, त्याचं कार्ड बदललं, रिन्यूअलचा मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर गेला आणि डोमेन सुटलं, की ते दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो आणि तुमच्या नावाने आलेले मेल त्याच्याकडे जायला लागतात. ऑटो रिन्यू चालू ठेवा तरीसुद्धा कॅलेंडरवर तारीख लिहा, कारण कार्डाची मुदत संपली की ऑटो रिन्यू गपचूप फेल होतं. जिथून डोमेन घ्याल त्या खात्याला लॉगिनसाठी त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडलं तर तो पत्ताही बंद, मग ओटीपी कुठे येणार? इथे मामंजींचा जीमेल द्या, शिवाय मोबाईलची दुहेरी पडताळणी चालू करा.

डोमेन आलं की मग रेकॉर्ड, म्हणजे एसपीएफ, डीकिम, डीमार्कच्या नोंदी, टाकायचं काम. एक तासाचं आहे पण चुका ठरलेल्या ठिकाणी होतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. मार्केटिंगच्या सर्व्हिसमध्ये डोमेन ऑथेंटिकेट करा असा पर्याय असतो, तिथे तुमचं डोमेन टाकलं की ती दोन-तीन ओळी देते, बहुतेक वेळा सीनेम किंवा टीएक्सटी प्रकारच्या. त्या जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएसच्या पानावर टाकायच्या. प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्यासमोर भरायचा मजकूर. नावाच्या रकान्यात सर्व्हिसने दिलेलं अख्खं नाव पेस्ट केलं की बरीच पॅनेल शेवटी तुमचं डोमेन आपणहून जोडतात, मग तुमचं डोमेन एकाच नावात दोनदा येतं, रेकॉर्ड सेव्ह झालेलं दिसतं, हिरवी खूणही येते, पण सर्व्हिस म्हणत राहते की सापडत नाही. दोन दिवस थांबूनही व्हेरिफाय होत नसेल तर आधी हेच बघा. डोमेनच्या आधीचा तुकडाच तेवढा टाकायचा आणि सेव्ह केल्यावर पूर्ण नाव कसं दिसतंय ते वाचायचं. डीकिमची किल्ली लांब असते, ती व्हॉट्सॲपवरून कुणाला पाठवून मोबाईलवर पेस्ट करू नका, मधेच स्पेस किंवा नवी ओळ घुसली की सही कधीच जुळत नाही. कॉम्प्युटरवर एका टॅबमधून दुसऱ्या टॅबमध्ये थेट कॉपी करा.

एसपीएफचं रेकॉर्ड एका डोमेनला एकच असतं हे लक्षात ठेवा. गूगल वर्कस्पेसने एक सांगितलं म्हणून टाकलं, मग मार्केटिंगवाल्यांनी दुसरं सांगितलं म्हणून तेही खाली टाकलं, की दोन्ही निकामी होतात, कारण नियमाने दोन सापडली तर ती चूक धरली जाते. एकाच ओळीत दोघांची नावं घालायची. आणि ती ओळ तपासताना घेणाऱ्या सर्व्हरला डीएनएसमध्ये जास्तीत जास्त १० वेळाच शोध घेता येतो, त्यामुळे वापरात नसलेल्या जुन्या सर्व्हिसची नावं त्यात साठवून ठेवू नका. मेलबॉक्ससाठी डीकिम वेगळं चालू करावं लागतं बरं का, वर्कस्पेसमध्ये ते ॲडमिनच्या पानात जाऊन स्वतः करायचं असतं. मार्केटिंगच्या सर्व्हिसचं केलं म्हणजे रोजच्या मेलचंही झालं असं नाही.

सगळं झालं की एक टेस्ट मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा आणि कॉम्प्युटरवर तो उघडून उजवीकडच्या तीन टिंबांमधलं 'शो ओरिजिनल' दाबा. वर एक छोटा तक्ता येतो, त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा तीन ओळी आणि प्रत्येकीसमोर पास किंवा फेल. तिन्ही पास पाहिजेत, आणि डीकिमच्या ओळीत ज्या डोमेनने सही केलीय ते तुमचं डोमेन पाहिजे, सर्व्हिसचं नाही. तिथे सर्व्हिसचंच नाव दिसत असेल तर तुमचं सेटिंग अर्धवट राहिलंय. मागच्या वर्षीचा मेल कुणाकडे अजून असेल तर त्याचाही हा तक्ता काढा आणि दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून मामंजींना दाखवा. दोन तास समजावून जे होणार नाही ते त्या दोन कागदांनी होईल असं मला वाटतं.

डीमार्कची सुरुवात सौम्य ठेवा, म्हणजे धोरण 'नन' (काही करू नका) आणि रिपोर्टसाठी एक पत्ता. लगेच रिजेक्ट लावू नका. तुमच्या नावाने कुठून कुठून मेल गेले याचे रोज जे रिपोर्ट येतात ते कच्च्या स्वरूपात वाचणं कठीण जातं, पण ते सोप्या तक्त्यात दाखवणाऱ्या फुकट सर्व्हिसेस आहेत. त्यातून असं काही कळतं जे तुम्ही विसरलेले असता, की वेबसाइटवरचा ऑर्डरचा फॉर्म होस्टिंगच्या सर्व्हरवरून तुमच्या नावाने मेल पाठवतोय, बिलिंगचं सॉफ्टवेअर वेगळंच कुठूनतरी पाठवतंय. ती सगळी नीट झाली, महिना-दोन महिने काही अनोळखी दिसलं नाही, की मग स्पॅममध्ये टाका आणि नंतर परत पाठवा अशा पायऱ्यांनी कडक करा. मघाशी ती वर्गणीच्या फसवणुकीची भीती सांगितली, त्यातला तुमच्या खुद्द डोमेनचं नाव घालून मेल पाठवायचा रस्ता या शेवटच्या पायरीनेच बंद होतो, तेव्हा तिथपर्यंत पोचाच.

न्यूजलेटर आणि सवलतीचे मेल मुख्य डोमेनवरून न पाठवता त्याच्या एका सबडोमेनवरून पाठवा असं मी सुचवेन, म्हणजे डोमेनच्या आधी 'अंक' किंवा 'वार्ता' असा एखादा शब्द लावून. सहा हजारांच्या यादीला याची खरंच गरज आहे का यावर लोक वाद घालतात, पण तुमचा लेखकांशी, चित्रकारांशी, छापखान्याशी होणारा पत्रव्यवहार मुख्य डोमेनवर असणार आणि एखाद्या जाहिरातीच्या मेलवर तक्रारी आल्या म्हणून लेखकाचं मानधनाचं पत्र स्पॅममध्ये जावं हे मला तरी परवडणारं वाटत नाही. उत्तर मात्र माणूस वाचतो अशाच पत्त्यावर येऊ द्या. 'नो रिप्लाय' प्रकार मुळीच नको. तुमचे वाचक उत्तर देणारे आहेत, आजोबा लिहितात की नातीला गोष्ट आवडली, आणि अशी खरी उत्तरं येणं हे डोमेनची पत वाढायलाही फार मोलाचं असतं.

आता यादी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. मंडळाच्या सभासदांची यादी घेऊ नका. त्या लोकांनी आपला पत्ता मंडळाला दिलाय, तुम्हाला नाही, आणि सभासदांना न विचारता तो देऊन टाकायचा अधिकार तुमच्या ओळखीच्यांनाही नाही. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, आणि संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं त्यात म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशोब बघा. गूगल म्हणतं स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा, शक्यतो ०.१ च्याही खाली. म्हणजे हजार जणांत तिघांनी बटण दाबलं तरी तुम्ही धोक्याच्या रेषेवर. अनोळखी लोकांना मेल टाकलात तर तीन लोक काय, पहिल्या तासातच जास्त निघतील, आणि फटका बसेल तो वर्षानुवर्षं अंक घेणाऱ्या तुमच्या स्वतःच्या वाचकांना, कारण डोमेन नवं आहे आणि त्याची पत अजून शून्य आहे. त्याऐवजी मंडळालाच विनंती करा की त्यांच्या स्वतःच्या बातमीपत्रात तुमच्या अंकाबद्दल चार ओळी आणि नोंदणीची लिंक टाका, सभासदांसाठी थोडी सवलत द्या. ज्याला हवंय तो आपणहून येईल, आणि असे दोनशे लोक त्या हजारोंच्या यादीपेक्षा कितीतरी जास्त अंक घेतील.

तुमची स्वतःची सहा हजारांची यादीही चाळून घ्या. जुन्या ऑर्डर बुकांतून आणि प्रदर्शनातल्या वहीतून टाइप केलेली असेल तर त्यात व्हीएसएनएलचे, रेडिफचे, याहूचे कितीतरी पत्ते मेलेले असणार, हस्ताक्षर न लागल्याने चुकलेले तर असतातच. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक खाती गूगलसुद्धा २०२३ च्या डिसेंबरपासून काढून टाकतंय. अशा पत्त्यांवर मेल आपटून परत येत राहिले की यंत्राला वाटतं हा माणूस कुठूनतरी उचललेली यादी वापरतोय. मागच्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी काही घेतलं किंवा उत्तर दिलं ते वेगळे काढा, सुरुवात त्यांच्यापासून. बाकीच्यांना एकदाच साधा मेल, की आम्ही नव्या पत्त्यावर आलोय, अंकाच्या बातम्या हव्या असतील तर इथे हो म्हणा. जे हो म्हणणार नाहीत त्यांना सोडून द्या. मामंजींना वाईट वाटेल, इतक्या वर्षांची नावं, पण ती नावं फोनच्या वहीत राहू दे, मेलच्या यादीत नकोत. आणि ऑर्डरच्या फॉर्मवर वेगळी टिक ठेवा, आधीपासून न भरलेली, की मला नव्या पुस्तकांच्या बातम्या पाठवा.

नाव कमी करायची लिंक मेलमध्ये ठळक ठेवा, लपवू नका. ती सापडली नाही की माणूस चिडून स्पॅमचं बटण दाबतो आणि ते तुम्हाला दसपट महाग पडतं. एका क्लिकची सोय बऱ्याच सर्व्हिसेस आपणहून देतात, फक्त चालू आहे का बघा. खाली प्रकाशनाचा पूर्ण पोस्टाचा पत्ता द्या, अमेरिकेतल्या वाचकांसाठी तिकडच्या २००३ च्या कायद्याने तो लागतोच, आणि सांगलीचा पत्ता बघून लोकांना बरंही वाटतं.

मेल कसा बनवता तेही विचारायला हवं होतं, पण मराठी प्रकाशन आहे म्हणजे अंदाज येतोय. डीटीपीवाले श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये मजकूर लावतात, तो मेलमध्ये पेस्ट केला की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात, म्हणून मग अख्ख्या जाहिरातीची एक मोठी जेपीजी काढून तीच मेलमध्ये चिकटवली जाते. तसं करू नका. नुसतं चित्र असलेला मेल स्पॅम अडवणाऱ्या फिल्टरला आवडत नाही, चित्रं बंद ठेवलेल्या वाचकाला कोरी चौकट दिसते, आणि मोबाईलवर तो बारीक मजकूर वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात. मुखपृष्ठाचं एक चित्र, बाकी सगळा मजकूर म्हणून, आणि एकच स्पष्ट बटण. मेलचा कोड १०२ केबीच्या वर गेला तर जीमेल खालचा भाग कापतं आणि तुमची नाव कमी करायची लिंक नेमकी तिथेच असते.

वेळेचं म्हणाल तर डोमेन आत्ता घ्या आणि पहिले काही आठवडे त्यावरून फक्त रोजचा पत्रव्यवहार करा, लेखकांना, छापखान्याला, वर्गणीदारांच्या चौकशांना उत्तरं. नवं कोरं डोमेन आणि पहिल्याच दिवशी सहा हजार मेल, यावर कुठलाही फिल्टर संशय घेणारच. मग श्रावणात जवळच्या दोन-तीनशे वाचकांना पहिलं पत्र, चार दिवसांनी पाचशेंना, असं वाढवत न्या, म्हणजे गणपतीच्या सुमारास सवलतीचा मेल जाईल तेव्हा पूर्ण यादीला पाठवता येईल. मधे मधे गूगलचं पोस्टमास्टर टूल्स बघत जा, फुकट आहे, तक्रारींचं प्रमाण त्यात दिसतं, लहान यादीला रोज आकडे दिसणार नाहीत पण मोठा मेल गेला की दिसतात. तक्रारी चढलेल्या दिसल्या तर पुढचा गट थांबवा आणि आधी कुणाला पाठवलं ते तपासा. किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर मात्र फार विसंबू नका, मेल उघडला की पाठवणाऱ्याला कळवणारी हेरगिरी ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये झाकली तेव्हापासून तो आकडा फुगलेला असतो. क्लिक, उत्तरं आणि ऑर्डरी मोजा.

आणि मामंजींचा जीमेल बंद करायचा नाही. त्याच्या सहीत नवा पत्ता टाका, निदान एक वर्ष आपोआप उत्तर लावून ठेवा की यापुढे इथे लिहा, आणि ज्या लेखकांना तो पाठ आहे त्यांची उत्तरं त्यावर येत राहतील ती वाचत राहा. एवढंच करा की त्यावरून शंभर-शंभर जणांना बीसीसीत टाकून अंकाची जाहिरात यापुढे पाठवू नका. साध्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, ती ओलांडली की खात्यातून मेल पाठवणं एक दिवसापर्यंत अडतं, आणि ऐन अंकाच्या गडबडीत, मुखपृष्ठ छापखान्याला जायचंय त्या दिवशी ते होऊ नये.